चाक केवढे असावे? टायरवरील आकड्यांचा इतिहास

कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर वर्षाच्या आरंभी ‘फॉर्म्युला भारत’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतील महाविद्यालयांचे संघ स्वतः रचलेली, स्वतः बांधलेली एकआसनी गाडी घेऊन तेथे येतात. स्पर्धेच्या बातम्यांत विजेत्यांची नावे येतात, गाडीचे छायाचित्र येते, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे कौतुक होते. मात्र त्या गाडीविषयीचा एक निर्णय वर्षभर आधी, बहुधा कागदावर, घेतला गेलेला असतो आणि त्याची बातमी कधीच होत नाही. तो निर्णय म्हणजे चाक दहा इंचांचे घ्यावे की तेरा इंचांचे.

हा प्रश्न वरवर पाहता दुकानातला वाटतो. प्रत्यक्षात तो घर्षणाच्या विज्ञानातील एका दीर्घ वादाचा शेवटचा अध्याय आहे. टायरच्या कडेवर छापलेल्या त्या चार आकड्यांत सतराव्या शतकातील एक नियम, एकोणिसाव्या शतकातील एक पशुवैद्य, विसाव्या शतकातील रबराचे प्रयोग आणि एकविसाव्या शतकातील विद्यार्थ्यांची एक सहकारी चळवळ एकत्र नांदते. आज हा इतिहास थोडा सविस्तर पाहू.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

ऑटोक्रॉस ही हौशी चालकांची शर्यत. एका वेळी एकच गाडी धावते आणि स्पर्धा घड्याळाशी असते. अमेरिकेत ती बहुधा मोठ्या वाहनतळावर किंवा विमानतळाच्या जुन्या फरसबंदीवर, रबरी शंकू मांडून आखलेल्या वळणदार मार्गावर होते. एक फेरी साधारण मिनिटभराची. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. अशा शर्यतीत वेग महामार्गावरील वेगाच्या फारसा पुढे जात नाही, म्हणून आपली रोजची गाडी घेऊन येणारा कारकून किंवा शिक्षकही तीत भाग घेऊ शकतो. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या १९४४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने या खेळाला नियमांची चौकट दिली आणि १९७३ मध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली.

ब्रिटनमध्ये मात्र हाच शब्द गवतावरील किंवा मातीवरील शर्यतीसाठी वापरतात. भारतात ब्रिटिश परंपरेचा प्रभाव असल्याने आपल्याकडेही ऑटोक्रॉस म्हटले की धुरळा उडवणारी, मोकळ्या मैदानातील शर्यत डोळ्यांपुढे येते. एकाच नावाच्या या दोन खेळांत योग्य टायर अगदी भिन्न असतो. हा भेद ध्यानात ठेवू, कारण लेखाच्या शेवटी तो पुन्हा उपयोगी पडेल.

दोन्ही देशांना जोडणारा एक धागा येथे नोंदवण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धाने मागे ठेवलेल्या धावपट्ट्यांवर हा खेळ वाढला. मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून अनेक वर्षे शर्यती होत. अमेरिकेची राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धा २००९ पासून नेब्रास्कातील लिंकन येथे ज्या फरसबंदीवर भरते, तेही युद्धकाळातील लष्करी विमानतळाचेच क्षेत्र.

शाळेत शिकलेला नियम

१६९९ मध्ये गीयोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे घर्षणाचे नियम मांडले. घर्षणबल हे दाबणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते आणि संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असा त्यांचा आशय. १७८५ मध्ये शार्ल कूलाँ यांनी विस्तृत प्रयोगांनी या नियमांना बळकटी दिली. आपण शाळेत शिकतो ते हेच नियम.

हे नियम टायरला तंतोतंत लागू असते, तर रुंद टायर घेण्यास काहीच कारण उरले नसते. सायकलचे टायर लावलेली मोटार आणि शर्यतीचे रुंद टायर लावलेली मोटार वळणावर सारख्याच वेगाने टिकल्या असत्या. प्रत्येक शर्यतीच्या मैदानावर याच्या उलट दिसते. म्हणजे कोठेतरी नियम अपुरा आहे. तो कोठे अपुरा आहे हे समजायला विज्ञानाला अडीचशे वर्षे लागली, आणि दरम्यान टायर मात्र कारागिरांच्या हातून घडत गेला.

धाव ते हवा

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती तापवून चढवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. टायरचा हा पूर्वज. धाव चाकाला झिजण्यापासून वाचवते, पण रस्त्याचा प्रत्येक दगड आसापर्यंत पोहोचवते. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस होते. कल्पना उत्तम होती, परंतु काळ अनुकूल नव्हता. चार्ल्स गुडइयरच्या गंधकप्रक्रियेला तेव्हा पाच-सहा वर्षेच झाली होती, रबर महाग होते आणि ते चाक घोडागाडीखेरीज कशाला लावणार, हाही प्रश्न होता. थॉमसनची चाके विस्मृतीत गेली.

त्यानंतर चार दशकांनी बेलफास्टमध्ये पशुवैद्यकी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. थॉमसनच्या पूर्वीच्या पेटंटापुढे ते पुढे टिकले नाही, तरी उद्योग उभा राहिला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. ती वारंवार पंक्चर झाली, विजयी झाली नाही, पण शर्यत पूर्ण करण्याइतकी तग धरून राहिली. मोटारीला हवेचा टायर चालतो, एवढे सिद्ध झाले.

भारताच्या औद्योगिक इतिहासातही हे नाव आहेच. हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला आणि देशात टायरनिर्मितीची पायाभरणी झाली. तत्पूर्वी विसाव्या शतकाच्या आरंभी केरळात रबराच्या व्यापारी लागवडीला प्रारंभ झालेला होता. साहागंजपासून कोट्टायमपर्यंत पसरलेली ही साखळी पुढे भारतीय हौशी शर्यतींच्या चाकाखाली आली.

आरंभीचे मोटारटायर अरुंद आणि अतिशय कडक हवा भरलेले असत. १९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचा, गुबगुबीत ‘बलून’ टायर बाजारात आणला. उद्देश आरामाचा होता. पण कमी दाब म्हणजे जमिनीला अधिक क्षेत्रफळ टेकणे, आणि त्याचा फायदा वळणावरही होतो हे हळूहळू ध्यानात आले.

आकड्यांची भाषा

आज टायरवर ‘२०५/५० आर १५’ असे लिहिलेले असते. यातील २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे कडेच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना. १५ हा धातूच्या रिमचा व्यास इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्का आणि इंच असा हा त्रिवेणी संगम भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करतो.

त्यामागे इतिहास आहे. रिमचे माप इंग्रजी-अमेरिकी उद्योगाने ठरवले. ‘आर’ हे अक्षर मिशलँ कंपनीच्या १९४६ च्या पेटंटाचे स्मारक आहे. या रचनेत टायरच्या आतील धागे तिरपे न विणता काठापासून काठापर्यंत सरळ जातात आणि वरून पोलादी पट्टा बसतो, त्यामुळे कडेची भिंत लवचीक राहते आणि जमिनीला टेकणारा भाग सपाट राहतो. १९४९ पासून हे टायर विक्रीस आले आणि युरोपीय उद्योगाबरोबर मिलिमीटर आले. १९७० च्या दशकात त्याच कंपनीने रिमही मिलिमीटरमध्ये मोजण्याचा प्रयत्न केला. ३९० मिलिमीटर व्यासाचे ते रिम काही मोटारींवर आलेही, परंतु त्यांवर फक्त तेच टायर बसत. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि इंच टिकून राहिला. मापनपद्धती तर्काने ठरतात त्याहून अधिक वेळा सवयीने ठरतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

भारतात या आकड्यांचा प्रवास गाड्यांच्या नावांतून दिसतो. अँबॅसेडरला १५ इंचांचे चाक, प्रीमियर पद्मिनीला १४ इंचांचे, आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ला अवघे १२ इंचांचे. चाक लहान झाले, गाडी हलकी झाली, आणि हौशी शर्यतीही बदलल्या. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून ‘फॉर्म्युला मारुती’ ही स्वस्त एकआसनी शर्यतगाडी घडवली. ज्या धावमार्गावर आज विद्यार्थी उतरतात, त्याला त्यांचेच नाव आहे.

रबर नियम मोडते

आता आमोंतोंकडे परत येऊ. १८८२ मध्ये हाइनरिख हर्ट्झ यांनी दाखवले की लवचीक गोल सपाट पृष्ठावर दाबला, तर संपर्काचे क्षेत्रफळ भाराच्या २/३ घाताने वाढते. भार आठपट केला तर क्षेत्रफळ चौपटच होते. धातूच्या खडबडीत पृष्ठभागांना असंख्य सूक्ष्म उंचवटे असल्याने सरासरीत हा परिणाम विरून जातो आणि आमोंतोंचा नियम टिकतो. मऊ रबर मात्र जमिनीला खऱ्या अर्थाने बिलगते.

१९५२ मध्ये अॅडॉल्फ शालामाख यांनी इंग्लंडमधील रबर संशोधन संस्थेत काम करताना दाखवले की रबराचा घर्षणांक भार वाढला की घटतो, आणि तो हर्ट्झच्या गणिताला अनुसरून घटतो. १९६३ मध्ये के. ए. ग्रोश यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. रबराचे घर्षण सरकण्याच्या वेगावर आणि तापमानावर अवलंबून असते, आणि हे दोन्ही परिणाम एकाच वक्ररेषेत गुंफता येतात, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. रबर जमिनीला चिकटते, आणि खडीच्या टोकांवर चेपले-सुटले जाताना ऊर्जा गमावते. पकड या दोन प्रक्रियांतून येते.

याचा व्यवहारातील अर्थ एका साध्या गणिताने पाहू. हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर, आणि वळणावरील त्वरण गुरुत्वत्वरणाएवढे. स्थिर असताना दोन्ही बाजूंवर सुमारे ४९०० न्यूटन भार असतो. वळणावर ३५०० न्यूटन आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे सरकतो. बाहेर ८४००, आत १४००. बेरीज तीच आहे. आमोंतोंच्या हिशेबाने एकूण पकडही तीच राहायला हवी. पण पकड भाराच्या २/३ घाताने वाढते असे मानले, तर एकूण पकड सुमारे ७ टक्क्यांनी घटते. खरा टायर हा आदर्श गोल नव्हे आणि त्याची घट बहुधा याहून सौम्य असते, तरी दिशा हीच.

म्हणून बुटकी गाडी चांगली, रुंद अंतरावरची चाके चांगली, आणि अधिक रबर चांगले. अनुभवाने शर्यतपटूंना हे ठाऊक होतेच. त्यामागचे कारण प्रयोगशाळेने दिले.

पोस्टकार्डाएवढी जमीन

रुंद टायर घेतला की जमिनीला अधिक रबर टेकते, हा समज सार्वत्रिक आहे. तो बराचसा चुकीचा आहे. एका चाकावर २५० किलोंचा भार आणि टायरमध्ये २०० किलोपास्कल दाब असेल, तर भार भागिले दाब या हिशेबाने संपर्कक्षेत्र सुमारे १२० चौरस सेंटिमीटर येते. आपल्या टपालखात्याचे पोस्टकार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे. वेगाने वळणारी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते. टायरच्या भिंतीचा ताठरपणा थोडा फरक पाडतो, पण मुख्य ठरवणारा घटक दाब आहे.

मग रुंदी काय करते? ती पोस्टकार्ड फिरवते. अरुंद टायरचे संपर्कक्षेत्र लांबट असते, रुंद टायरचे आखूड आणि आडवे. वळताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो त्याहून किंचित वेगळ्या दिशेने पुढे जातो. या कोनाचा विचार १९२५ मध्ये फ्रान्सच्या झॉर्झ ब्रुलिये यांनी मांडला आणि आधुनिक वाहनगतिशास्त्राचा पाया घातला गेला. रुंद, आखूड संपर्कक्षेत्र असलेला टायर सामान्यतः लहान कोनातच मोठे बल निर्माण करतो आणि चालकाला गाडी तत्पर वाटते. शिवाय रुंद टायर कमी दाबावर चालवता येतो, आणि तेव्हा क्षेत्रफळही खरोखर वाढते.

मात्र रुंद टायरला रुंद रिम हवे. अरुंद रिमवर चढवलेला रुंद टायर वळणावर आपल्याच भिंतीवर लोळतो. १९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५ ही अमेरिकी ऑटोक्रॉसमधील लाडकी गाडी. तिचा मूळ टायर १८५/६० आर १४ होता. ज्या गटांत रिम बदलण्याची मुभा आहे, तेथे या गाडीला ९ इंच रुंदीचे, १५ इंच व्यासाचे रिम आणि त्यावर २२५/४५ आर १५ टायर ही जोडी लोकप्रिय झाली. बाहेरचा व्यास काढून पाहा. मूळ टायरचा सुमारे ५७८ मिलिमीटर, नव्याचा ५८४. रुंदी ४० मिलिमीटरने वाढली, रिम एक इंचाने वाढले, तरी चाकाची उंची जवळजवळ तीच राहिली. या निवडीतील शहाणपण येथेच आहे.

व्यासाची किंमत

उंची तीच का ठेवायची? कारण चाक हे गाडीचे शेवटचे दंतचक्र आहे. इंजिनाचे आघूर्ण चाकाच्या त्रिज्येने भागले की जमिनीवरील बल मिळते. त्याच गाडीला ६१६ मिलिमीटर व्यासाचा २०५/४५ आर १७ टायर लावला, तर प्रत्येक गिअरमध्ये जमिनीवरील बल सुमारे ५ टक्क्यांनी घटते.

पण याची दुसरी बाजूही आहे. त्या गाडीचा दुसरा गिअर १.८८८ गुणोत्तराचा आणि शेवटचे गुणोत्तर ४.३. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर, टायरचे दबणे न धरता, मूळ चाकाने वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. ६१६ मिलिमीटरच्या चाकाने तो १०० होतो. ऑटोक्रॉसचा बहुतेक मार्ग दुसऱ्याच गिअरमध्ये पार होतो. एखाद्या मैदानावर सरळ पट्टा जरा लांब असेल आणि ९४ वर इंजिनाची मर्यादा आली, तर तिसऱ्यात जाणे आणि लगेच परत येणे भाग पडते, आणि मिनिटभराच्या फेरीत त्याची किंमत मोठी असते. लहान चाक नेहमीच श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

वजनाविषयीही एक गैरसमज दूर करू. ‘फिरते वजन चौपट भारी पडते’ अशी विधाने ऐकू येतात. गाडीचा वेग वाढवताना चाकाला पुढेही न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. सगळे वस्तुमान परिघावर असलेल्या कड्यासाठी हा भार दुप्पट होतो आणि त्याहून अधिक होऊ शकत नाही. प्रत्यक्ष चाकाचे वस्तुमान आतही असल्याने गुणक दोनाहून कमीच येतो. दर चाकामागे ३ किलो वाचवले, तर चार चाकांचा परिणाम साधारण २० किलो वाचवल्यासारखा, म्हणजे हजार किलोच्या गाडीत २ टक्के. व्यासाच्या ५ टक्क्यांपुढे तो लहान आहे. आणि रबराचे मिश्रण बदलल्याने पडणारा फरक बहुधा या दोहोंवर मात करतो.

मोठी रिम मग इतकी फोफावली कशी? ब्रेकना जागा हवी, हे एक कारण. दिसणे, हे दुसरे. १९५९ मध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ला १० इंचांचे चाक दिले ते आत बसणाऱ्यांना जागा मिळावी म्हणून. त्या चाकात ब्रेक जेमतेम मावत, तरीही ती गाडी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. फॉर्म्युला वनने दीर्घकाळ १३ इंचांचे रिम ठेवले आणि २०२२ मध्ये ते १८ इंचांवर नेले. रस्त्यावरील गाड्यांशी नाते राखणे हाही त्या बदलामागील एक हेतू होता.

एका सरकारी आकड्याची कथा

टायरवर आणखी एक आकडा असतो, झिजेचा. अमेरिकी सरकारने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्राहकांसाठी ही श्रेणी आणली. टेक्सासमधील सॅन अँजेलोभोवतीच्या ४०० मैलांच्या ठरावीक मार्गावर टायर ७२०० मैल चालवून प्रमाणित टायरशी त्याच्या झिजेची तुलना करतात. प्रमाणित टायर १०० असेल, तर २०० चा टायर निम्म्या गतीने झिजतो.

अमेरिकी ऑटोक्रॉसने रस्त्यावरील टायरांच्या गटांसाठी हाच आकडा निकष म्हणून घेतला. झिजेची श्रेणी किमान २०० हवी, असा नियम झाला. हेतू चांगला होता. शर्यतीपुरते बनवलेले महागडे टायर बाहेर राहावेत आणि हौशी माणसाचा खिसा वाचावा. पण हा आकडा झीज मोजतो, पकड नव्हे, आणि श्रेणी उत्पादक स्वतःच जाहीर करतो. परिणाम असा की २०० चा शिक्का असलेले, तरीही शर्यतीसाठीच घडवल्यासारखे चिकट टायर बाजारात आले. मोजमापाला नियमाचे स्थान मिळाले की लोक मोजमापासाठी वस्तू घडवू लागतात, हा समाजशास्त्रातील परिचित अनुभव येथे रबरातही दिसला.

ग्रोश यांच्या वक्ररेषेचे येथे पुन्हा स्मरण होते. मिनिटभराच्या फेरीत टायर पुरेसा तापत नाही. लांब शर्यतीसाठी उत्तम असलेले मिश्रण ऑटोक्रॉसमध्ये थंडच राहते आणि हरते. उलट एकाच गाडीवर दोन चालक पाळीपाळीने धावले, की टायर इतके तापतात की त्यांवर पाणी फवारावे लागते. मोठा, जड टायर हळू तापतो आणि हळू निवतो. म्हणजे आकाराची निवड करताना तापमानाचा विचार ओघाने येतोच.

कुलूपबंद माहिती आणि विद्यार्थ्यांची सहकारिता

१९८७ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टचे हान्स पासेका आणि व्होल्वोचे अभियंते यांनी टायरचे बल आणि सरकण्याचा कोन यांचे नाते सांगणारे एक सूत्र मांडले. ते मूलभूत नियमांतून काढलेले नसून प्रयोगांच्या आकड्यांवर बेतलेले आहे, आणि इतके नेमके बसते की त्याला ‘जादूई सूत्र’ असेच नाव पडले. अडचण एकच होती. सूत्र सर्वांना खुले, पण त्यात घालायचे गुणांक प्रत्येक टायरसाठी वेगळे, आणि ते मोजायला लागणारी यंत्रणा अवाढव्य खर्चाची. ही माहिती टायर कंपन्या आणि मोठे शर्यत संघ यांच्या कपाटात बंद असे.

अमेरिकेत १९८१ मध्ये ‘फॉर्म्युला एसएई’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. फॉर्म्युला भारत त्याच कुळातील. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या स्पर्धेशी संबंधित काही प्राध्यापकांनी आणि अभियंत्यांनी एक संघ स्थापला. प्रत्येक महाविद्यालयाने एकदाच माफक शुल्क भरायचे, जमलेल्या पैशातून बफेलो येथील कॅलस्पॅन प्रयोगशाळेच्या सपाट पट्ट्याच्या यंत्रावर विद्यार्थ्यांच्या गाड्यांचे टायर तपासून घ्यायचे, आणि मिळालेले आकडे सर्व सदस्यांना द्यायचे. एका संघाला जे कधीच परवडले नसते, ते शेकडो संघांना मिळून परवडले.

या आकड्यांनी दहा-तेरा इंचांच्या वादाला नवे वळण दिले. चालकासह सुमारे ३०० किलोंच्या या गाडीत एका चाकावर जेमतेम ७५ किलो भार येतो. ऑटोक्रॉसच्या मार्गावर सरळ पट्टा ६० मीटरपेक्षा लांब नसतो आणि सरासरी वेग ताशी ४० ते ४८ किलोमीटर राहील अशी आखणी अपेक्षित असते. इतक्या कमी भाराला आणि वेगाला ५२१ मिलिमीटर उंचीचा १३ इंची टायर अनेकदा थोराड ठरतो. ४०६ किंवा ४५७ मिलिमीटरचा १० इंची टायर हलका असतो, गाडी खाली आणतो, लवकर तापतो. पण त्याच्या पोटात ब्रेक आणि सांधे बसवायला जागा अपुरी, म्हणजे इसिगोनिस यांच्यापुढची अडचण पुन्हा समोर येते. दोन्ही मापांच्या गाड्यांनी यश मिळवले आहे. उत्तर एकच नाही, पण प्रत्येक उत्तराचा हिशेब आता मांडता येतो.

आपल्यासाठी काय?

अनेक भारतीय संघ हे टायर परदेशातून मागवतात. एक संच बिघडला तर दुसरा यायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. म्हणून कागदावर घेतलेला निर्णय येथे अधिक जड असतो. दुसरीकडे, आपल्या मातीवरील ऑटोक्रॉससाठी हा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो. सैल मातीत पकड रबराच्या चिकटण्यातून कमी आणि खाचांनी माती कापण्यातून अधिक येते, तेथे अरुंद टायर रुतून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचू शकतो, आणि उंच भिंत खड्ड्यांपासून रिमला वाचवते. फरसबंदीवर जिंकणारा टायर तेथे केवळ घसरतो. जगभरातील आकडे उतरवून घेण्यापूर्वी ते कोणत्या जमिनीवर मोजले, हे विचारायला हवे.

माझ्या मते आपल्याकडेही अशी सहकारी मोजणी उभी राहू शकते. भारतात बनणारे, सहज मिळणारे लहान टायर तपासून त्यांचे आकडे विद्यार्थ्यांना खुले करणे हे एखाद्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी पन्नास महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे.

आणि ज्यांच्याजवळ शर्यतीची गाडी नाही, त्यांनीही एक प्रयोग करून पाहावा. स्कूटर मुख्य स्टँडवर घेऊन मागचे चाक उचला, टायरला खडूची ओली भुकटी लावा, खाली काळा कागद ठेवा आणि चाक कागदावर टेकवा. उमटलेल्या ठशाचे क्षेत्रफळ आलेख कागदावर मोजा. हवेचा दाब बदलून, मागे मित्राला बसवून पुन्हा मोजा. भार भागिले दाब हा हिशेब कितपत जुळतो आणि कोठे फसतो, ते तुमचे तुम्हाला दिसेल. गाडी भक्कम धरून ठेवायला मात्र आणखी एक जण सोबत असू द्या.

तुमच्या महाविद्यालयाच्या संघाने कोणते चाक निवडले, आणि कोणत्या हिशेबाने, हे प्रतिसादात अवश्य लिहा. प्रयोगाचे आकडे आले तर तेही द्या. त्यांची तुलना करून पुढील लेखात चर्चा करू.